खारावलेल्या कमानी

वेसाव्याच्या लहू तांडेलाच्या घरची पिकअप रिकामी असली तरी भरलेली दिसायची. तोंड वर, बूड खाली. हायवेवरचा हवालदार लांबूनच हात दाखवायचा, "घ्या बाजूला! किती माल कोंबलाय?" आणि मागे येऊन बघतो तर काय, रिकाम्या टोपल्या, बर्फाचं ओलं गोणपाट आणि टोपल्यांच्या मधे ऐसपैस बसलेल्या दोन-तीन कोळणी. "बघ रे बाबा, बघ," त्यातली एखादी म्हणायची, "आमीच तुझा माल. उतरून वजन देऊ का?" बिचारा हवालदार ओशाळून जा म्हणायचा. गाडी सुटायची, पण पुढे बसलेल्या मथुराच्या तोंडावर हसू नसायचं. तिला ठाऊक होतं, आज हवालदार थांबवतोय, उद्या गाडी आपणहून थांबणार आहे.

मथुरा ही लहू तांडेलाची सून. नवरा नंदू गाडी चालवायचा आणि मथुरा बोरिवलीच्या बाजारात ओट्यावर मासळी विकायची. गिरण्यांचा संप मोडून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या आधी मथुराने काय काय नाही केलं! डोक्यावर टोपली घेऊन बसच्या रांगेत उभी राहिली, कंडक्टरशी भांडली, मासळीचं पाणी कुणाच्या तरी इस्त्रीच्या शर्टावर गळलं म्हणून शिव्या खाल्ल्या, आणि त्याच्या दुप्पट दिल्या. मानेत कायमची उसण. मग एका कंत्राटदाराने वापरून वापरून पिट्टा पाडलेली जीपची पिकअप नंदूने विकत आणली आणि मथुराचं नशीब पालटलं. ओटा मिळाला, ठरलेली गिऱ्हाइकं मिळाली. शेजारच्या बायकाही टोपल्या घेऊन मागे चढायला लागल्या. गाडी गेली असती तर टोपली पुन्हा डोक्यावर, एवढा साधा हिशेब होता.

पण मथुराला गाडीची काळजी होती ती काही फक्त टोपलीपायी नाही. दुसरं कारण घरातच होतं, आणि ते म्हणजे सासरा.

लहू तांडेल म्हणजे काय माणूस होता, हे आजच्या पोरांना सांगूनही पटायचं नाही. पाण्याचा रंग बघून खाली वाळू आहे का चिखल ते सांगायचा. वारा कुठून फिरणार ते त्याच्या कानाच्या पाळीला आधी कळायचं, असं त्याचे खलाशी शपथेवर सांगत. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान, तिथे त्याचा शब्द म्हणजे शब्द. मग एका उधाणाच्या दिवशी धक्क्याला लागताना बोट आणि धक्का यांच्यामधे त्याचा गुडघा चेचला. हाड जुळलं, पण पाय काही पूर्वीचा राहिला नाही. डुलत्या बोटीवर उभं राहणं संपलं. बरं, पोराने बोट चालवावी, तर नंदूला बोट लागायची! तांडेलाचा पोर, आणि खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पोटातलं सगळं बाहेर. गावाने हसून घेतलं. शेवटी बोट मढच्या एकाने घेतली आणि ज्या दिवशी ती नेली, त्या दिवसापासून लहू तांडेल घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. दाराकडे तोंड केलं तर दर्या दिसतो ना! म्हणून भिंत. बोलणं बंद, जेवण म्हणजे दोन घास. मथुरा ताट ठेवायची आणि तसंच उचलायची.

असा हा माणूस, ती खटारा पिकअप दारात आली तेव्हा उठला.

सगळ्यांना वाटलं, शिव्या घालेल. त्याने काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या फाळक्याच्या लाकडी फळ्यांवर हात फिरवला, एका फळीला टिचकी मारली आणि म्हणाला, "ही फळी सुकी पडलीय. हिला तेल कोन लावतं?" इतक्या महिन्यांनी म्हाताऱ्याचा आवाज ऐकून मथुराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नंदू म्हणाला, "बाबा, गाडीला कुणी तेल लावतं का?" तर म्हातारा म्हणाला, "तू गप."

त्या दिवसापासून गाडी तांडेलाची झाली. चालवायला नंदू, पण मालक तांडेल. फळ्यांना माशाचं तेल लागलं. बोटीला होतं तसं कपाळावर, म्हणजे पुढच्या काचेवर, झेंडूचं तोरण लागलं. नारळी पुनवेला तिला शेंदूर लागला. बाजारातून दुपारी गाडी परतली की तांडेल दारात तयार. लुंगी गुडघ्याच्या वर, हातात बालदी. खाडीचं पाणी घरामागे हाकेच्या अंतरावर. लंगडत जायचा, बालदी भरून आणायचा, आणि गाडीला नखशिखांत न्हाऊ घालायचा. वरून तर वरून, खाली वाकून चाकांच्या आतल्या बाजूलाही सपकारे मारायचा. मासळीचं पाणी सांडतं ते खालीच ना जमतं! एकही खवला राहता कामा नये. पोरं टोपणनाव ठेवून मोकळी झाली, 'चाकांची होडी'. म्हाताऱ्याला ते कळलं तर रागावण्याऐवजी खुदकन हसला.

पाऊस पडला की त्याची तारांबळ. ताडपत्री घेऊन धावायचा. पाऊस थांबला की लगेच खाडीचं पाणी आणून पावसाचं पाणी धुऊन काढायचा. मथुराने एकदा म्हटलंही होतं, "मामा, पावसानं आयती धुतली की गाडी. परत कनाला?" त्यावर तांडेलाने तिच्याकडे असं बघितलं, की पोरगी कोळीवाड्यात वाढली की कुठे! "अगो बाय," तो समजावत म्हणाला, "गोड्या पान्यानं सडतं. खारं पानी जिरलं की लाकूड शंभर वर्सं हलत नाय. पावसाचं पानी बोटीत साचू दिलं तर वर्सात फळी कुजते. माज्या बापानं शिकवलंय मना." आणि खोटं नव्हतं ते. ज्याची हयात लाकडाच्या बोटीवर गेली, त्याला खारं पाणी म्हणजे औषध आणि गोडं पाणी म्हणजे कीड. मथुराचा बापही हेच सांगायचा. तिने मान डोलावली आणि विषय संपला.

मग गाडीचं बूड बसायला लागलं.

आधी थोडं डावीकडे, मग दोन्हीकडे. खड्ड्यातून गेली की मागून धाडकन आवाज, आणि मागच्या बायका एका सुरात ओरडायच्या. टायर वरच्या पत्र्याला घासायचा, रबराचा जळका वास यायचा. नंदूने जवळच अंधेरीत एका मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, "कमान बसली. एक पाटा वाढवतो, झकास होईल." पाटा म्हणजे पोलादाची बाकदार पट्टी. अशा लहानमोठ्या पट्ट्या एकावर एक बसवून कमान होते, आणि मागच्या दोन कमानींवर सगळा माल तोलला जातो. त्याने दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला. गाडी उठली खरी, पण अशी काही ताठ झाली की विचारू नका! बोरिवलीला पोचेपर्यंत बर्फाचा चुरा, बोंबलांचा लगदा आणि बायकांच्या कमरेचे टाके ढिले. शेवंती नावाची एक कोळीण तर म्हणाली, "मथुरा, यापेक्षा मी डोक्यावर घेऊन चालत जाते गो." आणि एवढं करून चारेक महिन्यांत बूड पुन्हा खाली.

नंदूचं डोकं फिरलं. तो तसा वाईट नव्हता, पण रागाला मागेपुढे बघायचा नाही. "साली वाट लावली हिने," बाजाराच्या दारात त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. "आता शेवटचं दाखवतो. नाही झालं तर भंगारात घालतो. मी दुसऱ्याची टॅक्सी चालवीन."

"आणि मी?" मथुराने विचारलं.

नंदूने चावी फिरवली. मथुराच्या डोळ्यांसमोर आधी टोपली आली, आणि मग भिंतीकडे तोंड करून बसलेला म्हातारा आला. खरं सांगायचं तर टोपलीचं तिला तितकं भय वाटलं नाही.

दहिसरच्या चेकनाक्याजवळ, जिथे ट्रकांची रांग लागते, तिथे काशीराम नावाचा कमानवाला होता. मूळचा मालवणकडचा. गिरणीत लोहारकामाला होता, संपात नोकरी गेली, तसा इथे पत्र्याची शेड ठोकून भट्टी पेटवून बसला. कमी बोलणारा, आणि बोलला की समोरच्याची पर्वा न करणारा. ट्रकवाले म्हणायचे, म्हातारा खडूस आहे पण काम खोटं करत नाही. बाजार आटपल्यावर नंदूने गाडी त्याच्याकडे नेली. काशीरामने खाली वाकून एकदाच बघितलं आणि म्हणाला, "कमान उतरवूक लागतली." नंदू समोरच्या टपरीवर चहाला गेला. मथुरा तिथेच एका उपड्या डब्यावर बसली.

काशीरामने गाडी जॅकवर घेतली, नट-बोल्ट सोडवले. सुटतात कुठले! गंजून एकजीव झालेले. शेवटी छिन्नीने तोडले. कमान खाली आली, पाटे एकमेकांपासून अलग केले आणि मधून भुकटी सांडली, तांबडी-काळी, जमिनीवर ढीग. पाट्यावर हातोडीचा ठोका दिला तर खपल्या निघाल्या. सगळ्यांत मोठा पाटा तर मधोमध चिरलेला होता. काशीरामने बोट फिरवलं, बोटाला लागलेलं जरा बघितलं आणि सरळ जिभेला लावलं.

"बाय," तो थुंकून म्हणाला, "ह्या मीठ आसा."

"मासळीचं असेल," मथुरा म्हणाली. "बर्फाचं पाणी गळतं."

"मासळीचा इतक्या नसता. मासळीच्या गाडये मी रोज बघतंय. हिका कोणीतरी मिठाच्या पाण्यान धुता. रोज धुता. पाट्यांच्या मधी मीठ बसला की ता लोखंडाक आतून खाता. वरसून कळणा नाय." त्याने वर बघितलं. "कोण धुता गाडी?"

रोज दुपारची ती बालदी, ते वाकून मारलेले सपकारे, तो लंगडत जाणारा पाय, सगळं एकदम मथुराच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. देवा रे! म्हाताऱ्याने जीव लावला आणि जीव लावून लावूनच गाडी खाल्ली. आणि आपण त्याच्या शेजारी उभं राहून मान डोलावली.

"माझे सासरे," ती हळूच म्हणाली. "पण काका, हे माझ्या नवऱ्याला सांगू नका. तो तोंडाचा फाटका आहे. आमच्या म्हाताऱ्याला या गाडीशिवाय काही नाही. बोट गेली तेव्हा तो जवळजवळ मेला होता. ही आली म्हणून उठला."

काशीराम भट्टीत कोळसा सारत म्हणाला, "मी मोठो पाटो नवीन घालतंय. बाकीच्यांका भट्टीत तापवून बाक देतंय. तो जास्तीचो पाटो काढून टाकतंय, त्येचो उपेग नाय. गाडी उभी ऱ्हवात. पण पुन्यांदा मिठाचा पाणी लागला, तर वर्साच्या आत हीच गत. मगे माझ्याकडे आणू नको. मी तुझ्या नवऱ्याक सांगूचंय नाय. पण कोणी इचारल्यान तर खोटा बोलूचंय नाय."

संध्याकाळपर्यंत काम चाललं. पाटे भट्टीतून लालबुंद निघायचे, ऐरणीवर घणाचे घाव पडायचे, आणि सपाट झालेल्या पट्टीला पुन्हा बाक यायचा. मग तेलात विझवणं, मग पाट्यांच्या मधे ग्रीस. गाडी जॅकवरून खाली आली आणि मागचं बूड छान वर उभं राहिलं. नंदूने मागच्या फळीवर उड्या मारून बघितल्या. गाडी दबली आणि अलगद वर आली. "काका, कमाल!" नंदू म्हणाला, आणि मथुराने दुसरीकडे बघितलं.

घरी आल्यावर तांडेलाने दारातूनच गाडी न्याहाळली. "आता कशी पान्यावर बसल्यासारी बसलीय!" तो खूश होऊन म्हणाला आणि बालदी घ्यायला वळला.

"मामा!" मथुरा जवळजवळ ओरडली. "त्या कमानवाल्यानं सांगितलंय, आठ दिवस पाणी लावायचं नाही. भट्टीचं काम आहे ना. ओलं चालत नाही."

"अस्सं?" तांडेलाने बालदी खाली ठेवली. तांडेलच तो, दुसऱ्याच्या धंद्याचा मान ठेवायचं त्याला माहीत होतं. "बोलला असेल तर बरोबर हाय."

आठ दिवस मिळाले, पण पुढे काय? मथुराला काही सुचेना. बालदी लपवली, तर म्हाताऱ्याने घमेलं घासून ठेवलं. नवव्या दिवशी काय सांगायचं? आणखी एक थाप? मग त्याच्यापुढे आणखी एक? आणि म्हातारा रोज म्हणायचा, "बाय, किती दिवस ऱ्हायले गो?" एखादं पोर सणाची वाट बघतं तसं विचारायचा. मथुराचा जीव तीळ तीळ तुटायचा. खरं सांगावं तर जीभ रेटेना. आणि सांगून तो ऐकणार होता थोडाच? सुनेच्या सांगण्यावरून बापाची शिकवण खोटी मानणारा तांडेल अजून जन्माला यायचा होता. शेवटी तिने ठरवलं, लोखंडाचं आहे ते लोखंडवाल्यानेच सांगावं. आठवा दिवस उजाडला तशी ती म्हणाली, "मामा, आज बाजारात चला माझ्यासंगती. कमानवाला गाडी एकदा बघून देतो म्हणालाय. तुम्हीच विचारा त्याला काय ते."

तांडेल धुतलेली टोपी घालून पुढच्या सीटवर बसला. बोरिवलीला बाजार झाला, नंदू दहिसरला गाडी लावून मागच्यासारखाच टपरीकडे वळला, आणि दोन म्हातारे समोरासमोर आले.

"बोल रं बाबा," तांडेल म्हणाला, "आता धुवू ना मी हिला?"

काशीरामने मथुराकडे बघितलं. मथुराने मान खाली घातली. मग तो शेडमधे गेला आणि तो जुना चिरलेला पाटा घेऊन आला. ऐरणीवर ठेवला आणि वर हलकाच ठोका दिला. खपल्या पापडासारख्या सुटल्या.

तांडेलाने एक खपली उचलली. वास घेतला. मग जिभेवर ठेवली. त्या चवीवर तर त्याचा जन्म गेला होता, ती त्याला कुणी सांगायला नको होती.

"दर्याचं हाय," तो म्हणाला.

"होय," काशीराम म्हणाला. "लाकडाक ता बरा. लोखंडाक नाय."

"म्हंजे हे मी केलं?"

मथुराला वाटलं, आता तरी हा खडूस माणूस काहीतरी बरं बोलेल. काशीरामने हातोडी खाली ठेवली. "तुमीच केल्यात," तो म्हणाला. "लोक गाडी रगडतत, आपटतत, फोडतत. तशी गाडी मी रोज दुरुस्त करतंय. हिका कोणी आपटूक नाय. हिका कोणीतरी पोरासारखा न्हाऊ घातल्यान. माका पाटे सोडवतानाच कळला. म्हणान तुमका खोटा सांगूचा बरा वाटणा नाय. गोड्या पाण्यान धुवा. मधी ग्रीस घाला. चलात."

खपली तांडेलाने फेकली नाही, मुठीत ठेवली. परतीच्या वाटेवर जोगेश्वरीपर्यंत तो समोरच्या काचेतून बघत होता, पण त्याला काही दिसत नसावं. नंदूने दोनदा विचारलं, "बाबा, काय झालं?" शेवटी मथुरानेच घरी पोचल्यावर आडोशाला नेऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. आणि हा शहाणा काय म्हणाला? "म्हणजे म्हाताऱ्यानेच वाट लावली तर! आणि मी इकडे मेकॅनिकला शिव्या घालत फिरतोय!" हळू बोलणं त्याला जन्मात माहीत नव्हतं. पलीकडे सगळं ऐकू गेलं.

तांडेल आत आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मग पुन्हा तेच. ताट ठेवायचं, तसंच उचलायचं. बालदी दाराशी कोरडी पडलेली. नंदूला पश्चात्ताप झाला, तो बापापुढे जाऊन बसला, म्हणाला, "बाबा, मी असंच बोललो हो." म्हातारा हूं की चूं नाही. गाडी धुवायला कुणाला वेळ नव्हता. तिला घाण वास सुटला, माशा घोंगावू लागल्या. नंदू म्हणाला, मी फडक्याने पुसतो, आणि पुसलं नाही. मथुरा रात्री नवऱ्याला म्हणाली, "गाडी वाचवली आणि माणूस घालवला मी. काय गरज होती त्याला तिथे न्यायची?" आणि तोंडात पदर कोंबून रडली. राग तिला सगळ्यांचाच आला होता, नवऱ्याचा, त्या काशीरामचा आणि सर्वांत जास्त स्वतःचा.

असे किती दिवस गेले कोण जाणे. एका पहाटे मथुरा पाणी भरायला उठली, तर चुलीजवळचा मोठा हंडा जागेवर नाही.

कोळीवाड्यात पाण्याचे हाल कुणाला सांगायला नकोत. समोर अख्खा दर्या, आणि पिण्याच्या पाण्याला गल्लीच्या तोंडाशी एक नळ. पहाटे यायचा, सूर्य वर येईतो जायचा. तिथली रांग म्हणजे बायकांचं राज्य. भांडणं त्यांची, हसणं त्यांचं, गावातल्या सगळ्या बातम्या तिथे. पुरुष तिकडे फिरकायचा नाही. बोटीवर न्यायचं पिंपसुद्धा बायकांनी भरायचं आणि गड्यांनी नुसतं उचलायचं, अशी रीत. हंडा डोक्यावर घेतलेला पुरुष वेसाव्यात कुणी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर त्याला गाव सोडावं लागलं असतं.

मथुरा गल्लीत आली तर नळावर हा हशा पिकलेला. तिला वाटलं कुणाचं तरी भांडण जुंपलंय. पुढे येऊन बघते तर रांगेच्या मधोमध, पुढे सहा-सात बायका, मागे तेवढ्याच, आणि मधे लहू तांडेल! लुंगी, टोपी, एका हातात काठी, काखेत घरचा तांब्याचा हंडा.

"तांडेल, नंबर चुकला वाटतं! धक्का तिकडं हाय!" एकजण म्हणाली.

"नळावर गळ टाकून बघता का मासा लागतो का?" दुसरी.

तांडेल हलला नाही. कान लाल झाले होते, पण मान ताठ. ज्या माणसापुढे खलाशी मान वर करत नसत, तो पोरीबाळींच्या हसण्यात उभा होता आणि रांगेतली आपली जागा सोडत नव्हता. मथुरा धावत त्याच्यापाशी गेली. "मामा, द्या तो हंडा इकडे. मी भरते. काय लोकं बघतायत!"

"बघू दे," तो म्हणाला. किती दिवसांनी बोलला! "तुझा नंबर मागं हाय. मागं जा."

त्याची पाळी आली. हंडा भरला. खांद्यावर चढवायला गेला तर गुडघा लटपटला, निम्मं पाणी अंगावर. हसणं एकदम थांबलं. शांताबाई म्हणून एक म्हातारी होती, तांडेलाच्या वारलेल्या बायकोची, जानकीची, मैत्रीण. तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हंडा नीट बसवून दिला आणि बसवता बसवता फटकन बोलून गेली, "गाडीसाठी आलास रं लहू. जानकी माजी जल्मभर हितं उभी ऱ्हायली. पोटात पोर असताना पन ऱ्हायली. तिच्यासाठी कदी नाय आलास."

नळाचं पाणी तेवढं वाजत राहिलं. तांडेलाने शांताबाईकडे बघितलं. मग लंगडत चालायला लागला. मथुरा आपली रांग सोडून मागोमाग गेली.

घरापाशी येऊन त्याने हंडा उतरवला. गाडीखाली वाकला, आणि तांब्याने, थेंब थेंब जपून, आधी डावी कमान धुतली, मग उजवी. खाडीच्या बालद्या सपकन मारायचा तो माणूस. इथे मात्र हाताने पाट्यांवरून पाणी फिरवत होता, एक ओंजळ वाया जाऊ देत नव्हता. सगळा हंडा संपला. भिजलेल्या बाहीने त्याने तोंड पुसलं. नुसतं तोंडच पुसलं की आणखी काही, ते मथुराने विचारलं नाही.

मग त्याने हंडा पुन्हा काखेत मारला आणि गल्लीकडे निघाला.

"आता कनाला मामा?" मथुरा म्हणाली. "झाली की गाडी धुवून."

तो थांबला नाही. ती दारातच उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी बायकांनी त्याला पुढे जायला वाट करून दिली, ती त्याने घेतली नाही, रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. नळाची धार बारीक होत चालली होती. बऱ्याच वेळाने परतला तेव्हा हंडा पाऊणच भरलेला होता आणि त्याचा पाय थरथर कापत होता. या खेपेला तो गाडीकडे वळलाच नाही. सरळ उंबऱ्याशी आला, मथुराच्या पायापाशी हंडा ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "हे तुजं. घरात घे."

मथुराने हंडा उचलला. आत नेऊन ठेवेपर्यंत तिला धीर धरवला नाही. उंबऱ्यातच बसली आणि ढसाढसा रडली.

"पुरे आता," बाहेरून तांडेल ओरडला. "नंदूला उठव. मासळी थांबायची नाय."

त्यानंतर गाडी पुष्कळ वर्षं चालली. लहू तांडेल रोज पहाटे नळावर दोन खेपा घालायचा. पहिली खेप घरची असायची.